थोडं म्हंजे किती?

शेंडे सरांच्या घरातल्या एकाही यंत्राला झाकण नव्हतं. मिक्सर उघडा, पंख्याचा रेग्युलेटर उघडा, रेडिओच्या पोटातल्या वायरी बाहेर लोंबलेल्या. स्कूटरच्या दोन्ही बाजूंचे पत्रे तर त्यांनी केव्हाच काढून माळ्यावर टाकले होते. त्या सांगाड्यावर बसून ते बारामतीच्या भिगवण रस्त्यानं निघाले की चौकातला हवालदार हमखास थांबवायचा. "सर, गाडी अपघातातली हाय का?" सर उतरून त्याला इंजिनाचा कुठला भाग काय करतो ते समजावून सांगायचे. पुढे पुढे हवालदारच त्यांना पाहून दुसरीकडे बघायला लागला.

काढलेले स्क्रू ते शर्टाच्या खिशात ठेवत. चालताना खुळखुळ वाजायचं, त्यामुळे सर आले हे आम्हाला दिसायच्या आधी ऐकू यायचं.

"झाकण कशाला पायजे?" ते विचारायचे. "आत काय चाललंय ते दिसाया नको?"

आमची प्रयोगशाळा माती आणि पाणी तपासणीची. सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. शिवाय राहायला दोघं एकाच गल्लीत, मधे फक्त एक पिठाची गिरणी. म्हणजे दिवसभर लॅबमध्ये सर आणि संध्याकाळी गल्लीत सर, अशी माझी दोन्हीकडून कोंडी.

लॅबमध्ये मातीतलं पालाश, म्हणजे पोटॅश, मोजणारं एक परदेशी यंत्र होतं. यंत्र ठणठणीत, पण त्याच्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरची मुदत संपली आणि त्यानं आकडा दाखवायचं बंद केलं. आत आकडा तयार, बाहेर कुलूप. यंत्राच्या पाठीवर 'उघडल्यास हमी रद्द' असं लेबल होतं. ते लेबल सरांनी नखानं सोलून काढलं, आणि मला आठवतंय, ते काढताना त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाला चॉकलेट मिळाल्याचा आनंद होता. मग बाजारात मिळणारा पत्त्याएवढा एक सर्किट बोर्ड त्याला जोडला, स्वतः प्रोग्रॅम लिहिला आणि यंत्र चालू केलं. पहिलाच नमुना नळाच्या पाण्याचा. त्यात इतकं पालाश निघालं की ग्लासात केळीची बाग धरता आली असती. सर म्हणाले, "यंत्र बराबर हाय, माझं चुकतंय." ती चूक शोधण्यात त्यांचा अख्खा पावसाळा गेला, पण सापडली.

त्यानंतर त्यांना थांबवणं अवघड झालं. थेंब थेंब रसायन सोडण्याचं काम माणसानं का करायचं, म्हणून त्यांनी सिरिंज आणि मोटर जोडून एक यंत्र केलं. शेतकऱ्यांना ते कौतुकानं दाखवत असताना यंत्र थांबायचं विसरलं, आणि टेबलावरून गुलाबी पाणी एका पाहुण्याच्या धोतरावर गेलं. पण तेही सुधारलं. आणि सुधारलं की सर त्याचा सगळा आराखडा, प्रोग्रॅम, झालेल्या चुकांसकट, इंटरनेटवर टाकून द्यायचे. कुणीही घ्या, करा, बदला. संचालक म्हणाले, "शेंडे, पेटंट तरी घ्या." सर म्हणाले, "पेटंट म्हंजे झाकणच की." घानातल्या कुणा मास्तरानं त्यांचं सिरिंजचं यंत्र बनवून फोटो पाठवला, तेव्हा सरांनी अख्ख्या लॅबला भेळ दिली. मास्तराच्या यंत्रालाही झाकण नव्हतं.

दुसरा हट्ट मोजण्याचा. मोजायचं तर सगळ्यांनी सारखं मोजायचं. बारामतीत मोजा नाहीतर बावड्यात, माती तितक्याच खोलीवरची, पद्धत तीच, एकक तेच. नाहीतर दोन आकडे शेजारी शेजारी बसवायचे नाहीत. आणि 'थोडं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. चहावाला म्हणाला, साखर थोडी कमी टाकलीय, की आलंच: "थोडी म्हंजे किती?" एसटी थोडी लेट आहे, "थोडी म्हंजे किती?" डोकं थोडं दुखतंय म्हणून मी एकदा अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हाही तेच. मी म्हटलं, "सर, तुमच्याशी बोलल्यावर थोडं जास्त." त्यांनी रजा दिली, पण उत्तर अपुरं असल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आमच्या हिशेबनिसाचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. सतरंजीवर मंडळी मान खाली घालून बसलेली. हिशेबनीस म्हणाला, काही नव्हतं हो, थोडा ताप आला आणि गेले. सरांनी विचारलं, "किती होता? काखेतला का तोंडातला?" शालनवहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांची बाही ओढली. बाहेर आल्यावर मी वहिनींना म्हटलं, जरा समजवा हो ह्यांना. वहिनी मोरगावकडच्या, कोरडवाहू घरातल्या, बोलायला मोजक्या. म्हणाल्या, "न्हाय समजायचं त्यांना. तुमी मनावर घिऊ नका." मला तेव्हा हसू आलं होतं, राग पण आला होता.

सरांचं खरं भांडण चालायचं ते नमुना आणणाऱ्यांशी. आमच्याकडे मातीचा नमुना देणं म्हणजे मुलगी दाखवण्यासारखं असतं. इंदापूरच्या बाजूला पाणी देऊन देऊन जमिनी खारवल्यात, उसाच्या सरीत पांढरी बुरशी धरावी तसं मीठ वर येतं. पण तपासायला येताना माणूस ती माती आणत नाही. बांधाकडेची, आंब्याखालची, काळीभोर, खडे वेचलेली माती आणतो. बावड्याचे एक आबा तर चाळून आणत. एकदा त्यांनी ती युरियाच्या रिकाम्या गोणीतून आणली आणि नत्राचा आकडा आभाळाला टेकला.

"आबा, ही माती हाय का खताचं दुकान?" सर ओरडले. "आन् पांढरी पडलेली जागा कुठं हाय? ती आणा की."

"ती कशी आणू सर?" आबा खरोखर दुखावले. "ती काय चार लोकांत दाखवायची माती हाय व्हय?"

"जितं दुखतंय तितली आणा. बऱ्या जागंची माती तपासून मी काय करू?"

आबांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पुन्हा आंब्याखालची आणली.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सर वजनाचा काटा शून्यावर आणायचे. ती लॅबमधली पूजेची वेळ. खिडक्या बंद, पंखे बंद, कुणी चालायचं नाही, शिंकायचं नाही. मे महिन्यात बारामतीत पंखा बंद करून बघा म्हणजे कळेल. आकडा एक, दोन, पुन्हा एक असा चाळवत राहायचा आणि सर त्याच्याकडे डोळे लावून उभे. रिकामा काटा काहीतरी दाखवतोय हे त्यांना सहन व्हायचं नाही. "काय न्हाय तर काय न्हाय म्हणावं त्यानं," ते म्हणायचे. "उगं काहीतरी हाय म्हणू नये." शून्य आलं की ते श्वास सोडायचे, मग आम्ही.

एका दिवाळीनंतर शालनवहिनींच्या पोटात दुखायला लागलं. पुण्यात तपासण्या झाल्या. कॅन्सर, आणि तोही पसरलेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, दुखू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे. एवढंच म्हणजे मॉर्फिनच्या गोळ्या. किती द्यायच्या ते बारामतीच्या एक तरुण डॉक्टर बाई दर आठवड्याला घरी येऊन ठरवणार होत्या. पहिल्या खेपेला मी तिथेच होते.

"काकू, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे ज्याच्यापुढं दुखणंच नाही. तुमचं किती?"

सर एकदम ताठ बसले. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी सरांच्या भाषेत प्रश्न विचारला होता.

"दोन," वहिनी म्हणाल्या.

"एकक?" सरांनी विचारलं.

"ह्याला एकक नसतं, सर."

"मग हे प्रमाणित कशावर करता?"

"पेशंट सांगेल ते धरायचं."

"म्हंजे हिचं दोन आन् माझं दोन एक न्हाय?"

"नाही."

"मग हा आकडा न्हाय, डॉक्टर," सर म्हणाले. "ह्या गप्पा झाल्या."

पण गोळ्या त्या गप्पांवरच ठरत होत्या. पुढच्या आठवड्यातही वहिनींचं उत्तर दोन, त्याच्या पुढेही दोन. मी भाजी घेऊन गेले तर वहिनींनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरलेली, बोटांची नखं पांढरी पडलेली. "वहिनी, किती दुखतंय?" "दोन." सर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या खिशातले स्क्रू वाजत नव्हते, कारण ते हलतच नव्हते.

त्या रविवारी त्यांनी खाटेच्या चार पायांखाली चार सेन्सर बसवले. इलेक्ट्रॉनिक काट्यात असतात तसेच, फक्त मोठे. वायरी उशाजवळच्या टेबलावर आणून एका छोट्या स्क्रीनला जोडल्या. वहिनींना सांगितलं की डॉक्टरांना रोज वजन पाहिजे, तू काट्यावर उभी कशाला राहतेस, पडल्या पडल्या होईल.

"साखरंचं पोतं हाय व्हय मी?" वहिनी म्हणाल्या. मग वायरींकडे बघून म्हणाल्या, "ह्याला झाकण घाला. बघाया येणाऱ्या बाया इचारत्यात, शॉक देत्यात का म्हणून."

त्यांच्या जुन्या लुगड्याच्या मी खोळी शिवून आणल्या आणि चारही पायांना घातल्या. सरांनी त्या राहू दिल्या. त्या घरातलं ते पहिलं झाकण.

मग मी वहिनींना आधार देऊन खुर्चीत बसवलं. सरांनी पंखा बंद केला. "कुणी हलू नका." गादी, चादर, गोधडी, दोन उशा, सगळं धरून त्यांनी खाट शून्यावर आणली. वहिनींना पुन्हा झोपवलं आणि आकडा आला. तो इतका कमी होता की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

पण सरांना वजन नको होतंच. काही दिवसांनी लॅबमध्ये त्यांनी मला बोलावून संगणकावर आलेख दाखवला. माणूस शांत झोपला की चार पायांवरचा भार शांत राहतो, कूस बदलली की उसळतो. त्या आलेखाला शांत जागाच नव्हती. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत नुसते करवतीचे दाते.

"मी शेजारीच निजतो," सर म्हणाले. "मला कधी आवाज आला न्हाय."

मी म्हटलं, "हे दोन नाही सर."

"न्हायच. ही बी आंब्याखालची माती आणून दाखवतीय. जितं दुखतंय तितली देत न्हाय." त्यांचा आवाज चढला. "एवढी वर्षं लोकांना वरडून सांगतोय, आन् घरात ही!" शेजारच्या टेबलावरची पोरगी दचकली. सर संगणक बंद करायला गेले आणि त्यांना बटण सापडेना.

डॉक्टर बाई आल्या त्या दिवशी सरांनी मलाही बोलावलं. बहुधा एकट्यानं विचारायचा धीर नव्हता. बाईंनी आलेख पाहिला, बराच वेळ पाहिला. सर खाटेजवळ स्टूल ओढून बसले.

"शालन, तू दोन म्हणतीस. मग तुझं दहा कुठं हाय? दहा कशाला धरलंयस, त्ये सांग."

वहिनी छताकडे बघत राहिल्या.

"दहा व्हय? दहा म्हंजे मधू गेली तो दिस."

मधूचा फोटो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी होता, दोन वेण्यांचा. मूल लहानपणी गेलं एवढंच मला माहीत होतं, ते कसं ते मी कधी विचारलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे वळल्या. "बावड्याला व्हतो आमी तवा. पोरीचं आंग तापलं. घरात येणारा जाणारा कपाळाला हात लावायचा, म्हणायचा थोडा हाय, उतरंल. ह्यांनी बी हात लावला. थोडा हाय म्हणले." त्या दम घ्यायला थांबल्या. "घरात मोजायला कायबी नव्हतं. दवाखान्यात नेली तवा टायम राहिला नव्हता. तवापासनं हे कुणाला थोडं म्हणू देत न्हाईत."

हिशेबनिसाच्या घरची ती सतरंजी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि बाहेर येऊन मी केलेली तक्रारही.

"त्याच्यापुढं हे दोनच हाय," वहिनी म्हणाल्या. "मी खोटं न्हाय सांगितलं तुमाला."

सरांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी एकक विचारलं नाही. डॉक्टर बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि गोळ्यांचा डोस वाढवून लिहून दिला. "इथून पुढं आकडा विचारायचा नाही," त्या सरांना म्हणाल्या. "खाट सांगेल ते धरू."

डोस वाढल्यावर वहिनी झोपायला लागल्या. सर दुसऱ्या दिवशी मला गिरणीपाशी गाठून मोबाइलवर आलेख दाखवत होते, पीठ उडतंय, मागे लोक खोळंबलेत, त्यांना भान नाही. करवतीचे दाते गेले होते आणि तिथे एक बारीक लाट होती, वर-खाली, वर-खाली.

"ह्यो श्वास हाय मॅडम. सेन्सर इतका बारीक धरंल असं मला बी वाटलं नव्हतं." ते हसले. "काय सुरेख हाय बघा."

त्या खाटेचाही आराखडा त्यांनी इंटरनेटवर टाकला. इंग्रजी मजकूर मी लिहून देत होते. उपयोग कशासाठी, असा एक रकाना होता. "काय लिहू सर?" मी विचारलं. "लिहा, बरं हाय म्हणणाऱ्या माणसांसाठी," ते म्हणाले. घानाच्या मास्तरानं त्यावर आपल्या आईबद्दल काहीतरी लिहिलं होतं. सरांनी ते मला वाचायला लावलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

शालनवहिनी उन्हाळ्याच्या तोंडाला गेल्या. दुपारची वेळ होती, सर शेजारी स्टुलावर बसले होते. ती बारीक लाट सरळ झालेली त्यांनी आधी स्क्रीनवर पाहिली आणि मग वहिनींकडे. मला बोलवायला ते चालत आले. गिरणीच्या आवाजात ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण कळलं.

भेटायला माणसं येत होती. कुणी म्हणालं थोडक्यात सुटल्या, कुणी म्हणालं सवाष्ण गेल्या. सर सगळ्यांना नमस्कार करत होते. कुणालाही त्यांनी काही विचारलं नाही. बावड्याचे आबाही आले. बराच वेळ दारातच उभे राहिले, मग हळूच सरांना म्हणाले, "सर, पांढरी माती आणलीय. लॅबात ठिवून आलोय." सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, त्या सगळ्या दिवसांत त्यांना बरं वाटेल असं कुणी बोललं असेल तर ते आबाच.

तेरावा झाल्यावर एका दुपारी मी डबा घेऊन गेले. सर आतल्या खोलीत त्याच स्टुलावर बसले होते. खाट जागेवर होती, गादी, चादर, गोधडी, दोन उशा, सगळं तसंच. पायांना लुगड्याच्या खोळी. टेबलावरची स्क्रीन चालू. मला वाटलं होतं, तिथं शून्य असेल. पण दुरून, चष्म्याशिवायही मला दिसलं की नुसतं शून्य तिथं नव्हतं, काहीतरी आकडा होता.

उन्हाळ्यात सेन्सर तापतात आणि रिकामा काटाही जरासं वजन दाखवायला लागतो. लॅबमध्ये असं झालं की सर दिवसभर धुसफुसायचे. मी डबा खाली ठेवला.

"सर, काटा चढलाय. शून्य करू का?"

"नको."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघत होते.

"ऊन चढलं की चढतो, पहाटं उतरतो. माहीत हाय मला. सेन्सरचा दोष हाय." त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, पण टेकवला नाही, वरूनच. "शून्य केलं की शून्यच म्हणंल ते."

चष्मा माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही.

"किती दाखवतंय सर?"

"थोडं हाय," सर म्हणाले.

मी उठले आणि पंखा बंद केला. मग आम्ही दोघं न हलता बसून राहिलो.